रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी बसलेली असते: डिस्कव्हरी ४, २०११, एअर सस्पेन्शन

मोजपट्टी
वारजे, ७ डिसेंबर

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलाय, पण अर्धवट माहिती देऊन तुमचा वेळ घालवण्यापेक्षा सगळं एकदाच सांगते.

गाडी डिस्कव्हरी ४, २०११ची, तीन लिटर डिझेल, १ लाख ४८ हजार किलोमीटर झालेली. माझ्या भावाची. तो परदेशी गेला तेव्हा विकायला काढली होती, मी ठेवून घेतली. कारण आई. आईचं वय ७८, दोन्ही गुडघे गेलेले. ऑपरेशन तिला नको आहे आणि तो विषय आमच्या घरात संपलाय. आमचं गाव वेल्ह्याच्या बाजूला, शेवटचे तीन किलोमीटर कच्चा रस्ता, मधे दोन ओढे. या गाडीत साध्या स्प्रिंगऐवजी चारही चाकांवर हवेच्या पिशव्या आहेत. बटण खाली दाबलं की गाडी ५० मिलिमीटर खाली बसते आणि आई दारावरची मूठ धरून स्वतःची स्वतः चढते. कुणाला काखेत हात घालून उचलावं लागत नाही. कच्चा रस्ता लागला की बटण वर, गाडी नेहमीपेक्षा ५५ मिलिमीटर उंच होते, खाली दगड लागत नाही. ५० मिलिमीटर म्हणजे माझी जेमतेम तीन बोटं. पण तिचं गावाला जाणं किंवा न जाणं त्या तीन बोटांवर आहे.

आता दुखणं. गणपतीच्या सुमारास पहिल्यांदा लक्षात आलं की सकाळी गाडी थोडी बसलेली दिसते. सुरू केली की उठायची, म्हणून मी सोडून दिलं. दिवाळीपर्यंत उठायला वेळ लागायला लागला. मागच्या डाव्या दाराखालून कंप्रेसरचा, म्हणजे हवा भरणाऱ्या पंपाचा, आवाज येतो, तो आधी थोडा वेळ येऊन थांबायचा, आता घरघरत राहतो. मी घड्याळ लावून पाहिलं: नेहमीच्या उंचीवरून वरच्या उंचीला जायला ४ मिनिटं १० सेकंद. भाऊ सांगतो, पूर्वी अर्ध्या मिनिटाच्या आत व्हायचं. गेल्या रविवारी पानशेत रस्त्यावर खानापूरच्या पुढे वर घ्यायला गेले तर पिवळा दिवा आला, 'सस्पेन्शनमध्ये बिघाड, फक्त नेहमीची उंची' असा संदेश. आईला तिथूनच परत आणलं. वाटेत ती काही बोलली नाही.

एका मोठ्या वर्कशॉपला दाखवली. त्यांनी संगणक लावून कोड काढला, सी१ए२०. अर्थ असा लिहिलाय की हवेची टाकी भरताना दाब फार सावकाश वाढतो. त्यावरून त्यांचं म्हणणं, कंप्रेसर बदला, आणि गाडी जुनी आहे तर चारही स्ट्रट (चाकावरचे हवेच्या पिशवीसकटचे खांब) बदला. आकडा साडेचार लाखांच्या पुढे. दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, हे सगळं काढून साध्या कॉइल स्प्रिंग टाका, कटकट संपेल. माझीही कटकट संपेल, पण मग आई चढणार कशी?

मी कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते. हत्यारं फारशी नाहीत, पण मोजायला येतं आणि धीर आहे. प्रश्न एवढाच: गळती कुठल्या कोपऱ्यात आहे हे घरी कसं शोधायचं? सकाळी चारही कोपरे सारखेच बसलेले दिसतात. चारही पिशव्या एकाच वेळी फुटल्या असतील हे मला पटत नाही.


दापोडीचा फिटर
८ डिसेंबर

ताई, मी एसटीतून निवृत्त झालो. दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत बरीच वर्षं काढली, शेवटची काही वर्षं हवेवरच्या बसगाड्यांवर. तुमच्या गाडीतला संगणक मला ठाऊक नाही. पण रबर आणि हवा सगळीकडं सारखीच वागतात.

पहिली गोष्ट, कंप्रेसर बदलू नका. अजून नाही. तुमचा कंप्रेसर मेलेला नाही, दमलेला आहे. रोज सकाळी त्याला गळकी घागर भरायला लावताय. नवा बसवला तरी तीच घागर भरणार आणि वर्षात तोही दमणार. आमच्याकडं नवीन पोरं हीच चूक करायची. दाब चढत नाही म्हटलं की कंप्रेसर खोलायला बसायची, आणि गळती निघायची शेवटच्या बेलोच्या घडीत. (हवेच्या पिशवीला आम्ही बेलो म्हणायचो, गॅरेजवाले बलून म्हणतात.)

बेलो कुठं फाटतो सांगतो. मधे कधीच नाही. खाली जिथं रबर स्वतःवरच दुमडून आत वळतं, त्या घडीत. गाडी हलली की ती घड वरखाली फिरते, त्यात धूळ बसते आणि धूळ कानशीसारखं काम करते. उन्हाळ्यात रबर मऊ असतं, भेग दाबून धरतं. थंडी पडली की तेच रबर ताठर होतं आणि भेग उघडी राहते. म्हणून तुमचं दुखणं डिसेंबरात वाढलं.

तपासायचं असं. एक लिटर पाण्यात दोन चमचे भांड्याचा साबण, फवाऱ्याच्या बाटलीत भरा. गाडी जमेल तितकी उंच घ्या म्हणजे घड उघडी पडते. खालचं धुळीचं रबर सरकवून आत फवारा मारा आणि थांबा. मोठी गळती लगेच फसफसते. बारीक असेल तर दहा मिनिटांनी साबणाचा पांढरा फेस जमतो, दह्यावरच्या सायीसारखा. घाई केली तर तो दिसत नाही.

आणि हे ठळक अक्षरात वाचा: हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. जॅकवरही नाही. चासीला दोन्ही बाजूंनी घोड्या (लोखंडी स्टँड) लावायच्या, चाकांना ठोकळे, मगच हात आत. हवा गेली तर गाडी आवाज न करता खाली येते. मी एका माणसाचा हात वाचलेला पाहिलाय, आणि एकाचा न वाचलेलाही पाहिलाय.


बाणेरची डिस्को
८ डिसेंबर, रात्री

तुमचीच गाडी, २०१२ची. काकांचं सगळं बरोबर आहे, पण या गाडीत एक गोम आहे, ती कळल्याशिवाय तुम्हाला कोपरा सापडणार नाही.

गाडी बंद असली तरी सस्पेन्शनचा कंट्रोलर मधूनमधून जागा होतो आणि प्रत्येक कोपऱ्याची उंची मोजणारे चारही हाइट सेन्सर वाचतो. एक कोपरा उतरलेला दिसला तर तो बाकीचे तीन त्याच्या बरोबरीला उतरवतो, म्हणजे गाडी तिरकी दिसू नये. वर उचलत नाही, कारण इंजिन बंद असताना कंप्रेसर चालवून बॅटरी संपवायची नसते. त्यामुळे गळती एकाच कोपऱ्यात असली तरी सकाळी चारही कोपरे सारखे बसलेले. तुमच्या वर्कशॉपनं 'चारही गेलेत' म्हटलं ते बहुतेक हेच बघून.

उपाय सोपा. रात्री गाडी नेहमीच्या उंचीला सपाट जागी उभी करा. बंद करा आणि बॉनेटखालच्या फ्यूजबॉक्समधून सस्पेन्शन कंट्रोलरचा फ्यूज उपसून ठेवा. नंबर तुमच्या हँडबुकात बघा, वर्षागणिक मांडणी बदलते, म्हणून मी सांगत नाही. आता कंट्रोलर झोपलेला, व्हॉल्व्ह बंद, प्रत्येक कोपरा आपापल्या हवेवर. चाकाच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरमधली हवा मिसळते. रात्री चार आकडे, सकाळी चार आकडे. सकाळी फ्यूज परत लावला की थोडा वेळ दिवे लागतील, मग जातात.

अजून दोन गोष्टी. कंप्रेसरचा रिले (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) बदलून टाका, किरकोळ किमतीचा भाग आहे. जुन्या रिलेचे पॉइंट चिकटले तर कंप्रेसर थांबतच नाही आणि चांगला असला तरी जळतो. दुसरं, सी१ए२० हा कोड भाग सांगत नाही, लक्षण सांगतो. 'दाब सावकाश वाढतो' म्हणजे हवा कमी येतेय किंवा जास्त जातेय. ताप आला म्हणून थर्मामीटर बदलत नाहीत.

कॉइलबद्दल: बसवणारे बसवतात. पण सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२वर निकाल दिला, त्यात कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल करता येणार नाहीत असं स्पष्ट आहे. तुमची गाडी २०११ची, म्हणजे १५ वर्षं भरताना आरटीओत तपासणीसाठी न्यावीच लागेल. तिथं आणि विम्याच्या वेळी हा प्रश्न येऊ शकतो. आणि आईंचं बटण जाईल ते वेगळंच.


मोजपट्टी
११ डिसेंबर

काका, बाणेरचे दादा, मनापासून आभार. तीन रात्री मोजलं. आमच्या पार्किंगची फरशी पाण्याच्या लेव्हलनं तपासली, एका कोपऱ्याला ४ मिलिमीटरचा उतार आहे, पण चाकाच्या मध्यापासून मोजल्यामुळे त्याचा फारसा त्रास नाही. चाकाच्या मध्यावर आणि मडगार्डच्या कडेवर मास्किंग टेपच्या खुणा केल्यात, दर वेळी त्याच जागी पट्टी लागावी म्हणून. फ्यूज काढलेला. रात्री १० ते सकाळी ६:३०.

काल रात्रीची उतरण: पुढचं उजवं १९ मिलिमीटर. पुढचं डावं ११. मागचं उजवं १०. मागचं डावं फक्त २.

आधीच्या दोन रात्रींचे आकडे यापासून एकदोन मिलिमीटरच्या आत आहेत, म्हणजे मोजण्यात घोळ नाही. पुढच्या उजव्याला गळती आहे हे कुणीही सांगेल. मला छळतात ते बाकीचे तीन आकडे. एक कोपरा ११ उतरतो, एक १०, आणि एक जवळजवळ उतरतच नाही. पुढच्या डाव्यात आणि मागच्या उजव्यातही बारीक गळती धरायची का? तसं असेल तर वर्कशॉपचं 'चारही' हे बऱ्यापैकी खरं ठरतं, आणि तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत.

थंडीचा हिशोब मी केलाय. रात्री १० वाजता पार्किंगमध्ये २६ अंश होते, सकाळी १३. केल्व्हिनमध्ये २९९ आणि २८६, म्हणजे साधारण ४.३ टक्के. गाडीचं वजन तेच, म्हणून पिशवीतला दाब जवळजवळ तोच राहणार, आणि आकारमान तेवढ्याच टक्क्यांनी कमी होणार. म्हणजे गळती नसतानाही चारही कोपरे काही मिलिमीटर उतरायलाच हवेत. पण सारखे उतरायला हवेत, असे नाहीत.


दापोडीचा फिटर
११ डिसेंबर

ताई, आकडे बघून डोळे निवले. असं मोजून आणणारी माणसं आम्हाला नोकरीत मिळाली असती तर अर्धे बेलो वाचले असते.

तुमच्या बाकीच्या तीन कोपऱ्यांत गळती नाही, मी खात्रीनं सांगतो. चार पायांचा पाट डोळ्यापुढं आणा. एका पायाखालची विटकर काढली की पाट त्या पायाकडं कलतो. त्याच्या समोरचा तिरपा पाय उचलल्यासारखा हलका होतो, आणि उरलेल्या दोन पायांवर वजन वाढतं. तुमचं पुढचं उजवं बसलं, त्याचं तिरपं समोरचं म्हणजे मागचं डावं. ते हलकं झालं, म्हणून ते उतरलंच नाही. पुढचं डावं आणि मागचं उजवं यांच्यावर जास्तीचं वजन आलं, म्हणून ते दोन्ही जवळजवळ सारखे, ११ आणि १०. हे दोन आकडे एवढे जुळतात हाच पुरावा आहे. दोन बेलोंना एकाच मापाच्या भेगा पडत नाहीत.

एसटीत मोकळी बस उभी करून आम्ही हेच बघायचो, फक्त डोळ्यानं.

माझ्या अंदाजानं नुसत्या थंडीची उतरण चारही कोपऱ्यांना ६-७ मिलिमीटर असावी. पुढचं उजवं दुरुस्त झाल्यावर पुन्हा मोजा. चारही तेवढेच आले तर मी म्हणतो ते खरं.


भोसरी न्यूमॅटिक
१२ डिसेंबर

मॅडम, बेलोवर शिक्कामोर्तब करण्याआधी त्याच कोपऱ्याचा पाईप तपासा. माझं काम हवेच्या लाइनीचं आहे, कारखान्यांत. दहातल्या सहा-सात तक्रारी जोडावर निघतात.

स्ट्रटच्या डोक्यावर पाईप जिथं शिरतो तिथं साबण मारा. मग व्हॉल्व्ह ब्लॉकवर, म्हणजे कोपऱ्यांना हवा वाटून देणाऱ्या ठोकळ्यावर, त्याच कोपऱ्याचा पाईप येतो तिथं मारा. त्यानंतर मधली लांबी हातानं चाचपत या. पार्किंगमध्ये उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि नायलॉनचा पाईप त्यांना आवडतो. भोक दिसत नाही, पण बोटाला खरखर लागते.

पाईप कापावा लागला तर: ६ मिलिमीटर बाहेरचा व्यास, नायलॉनच घ्या. दुकानात निळा, लवचीक पीयू (पॉलियुरेथेन) पाईप आधी हातात देतील, तो घेऊ नका. तो साधारण ८-१० बारसाठी असतो, उष्णतेत मऊ पडतो. तुमच्या गाडीच्या टाकीत दाब त्याहून बराच जास्त असतो. टायरमधल्या हवेच्या कितीतरी पट. पाईप पक्कडनं तोडू नका, चपटा होतो. पाईप कटरनं सरळ कापा, टोक नखाला गुळगुळीत लागलं पाहिजे. पितळी पुश फिटिंगमध्ये ढकला, मग मागं ओढून बघा.


मोजपट्टी
२८ डिसेंबर

उशीर झाला, कॉलेजच्या परीक्षा होत्या. आता सगळं क्रमानं लिहिते, कारण शोधत आलेल्या पुढच्या माणसाला निम्मी गोष्ट सापडू नये.

१४ तारखेला रविवारी आमच्या सोसायटीतला एक मुलगा, जो स्वतःच्या जुन्या जीपवर काम करतो, तो आणि मी, दोघांनी घोड्या लावून उजवीकडचं चाक काढलं. भोसरीच्या दादांचं ऐकून आधी पाईप. वरच्या जोडावर फेस नाही. व्हॉल्व्ह ब्लॉकवर नाही. पाईप हातानं चाचपला, गुळगुळीत. मग खालचं धुळीचं रबर सरकवलं. आतून आधी वाळू पडली, ओंजळभर, तांबूस, आमच्या गावच्या ओढ्याची. साबण मारला आणि आम्ही दोघं चहा प्यायला बसलो. परत आलो तेव्हा घडीच्या आतल्या बाजूनं, साधारण एक तृतीयांश घेरावर, पांढरा फेस जमलेला. काका, अगदी साय. पुसला आणि टॉर्च तिरकी मारली तर उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा. फाटलेलं एकही ठिकाण नाही, नुसत्या भेगा, आणि त्यातल्या तीन आरपार.

स्ट्रट एकच बदलला, उजवा. काकांचा मला फोनवर निरोप आला होता की पुढचे दोन्ही एकदम बदला, दोन्ही एकाच वयाचे आहेत. ते तर्काला धरून आहे, हे मी मान्य करते. पण डाव्याची घड मी टॉर्चनं अर्धा तास बघितली. वाळू आहे, भेगा नाहीत. ती धुऊन काढली. डावं गळायला लागलं तर महिन्याच्या मोजणीत मला ते पहिल्या दहा मिलिमीटरला कळेल, आणि तेव्हा बदलीन. आत्ता तो पैसा मी कंप्रेसरसाठी राखला.

स्ट्रट बसवणं आम्ही केलं नाही. नाना पेठेतल्या स्पेअरच्या दुकानदारानं सुचवलेल्या एका मिस्त्रीकडे दिलं. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या, त्या इथं नोंदवते. एक, रिकाम्या नव्या बेलोवर गाडीचं वजन कधी टाकायचं नाही. गाडी घोडीवर असतानाच त्यात हवा भरायची, म्हणजे घड नीट बसते. नाहीतर नवं रबर पहिल्याच दिवशी चुकीच्या जागी दुमडतं. दोन, खालचे बोल्ट सुटताना जागचे हलतात, म्हणून नंतर अलाइनमेंट करूनच गाडी न्यायची.

त्या रात्री फ्यूज काढून मोजलं. तापमान रात्री २५, सकाळी १२. उतरण: पुढचं उजवं ७, पुढचं डावं ६, मागचं उजवं ७, मागचं डावं ६.

काका, तुमचे ६-७. मी वहीत चौकट केली त्याभोवती.

पण वर उठायला अजूनही २ मिनिटं ४० सेकंद लागत होती. म्हणजे गळती गेली तरी कंप्रेसर दमलेलाच होता. रिले आधीच बदललेला. मग कंप्रेसर उतरवला, डाव्या बाजूला खाली, मागच्या चाकाच्या पुढे असतो. कव्हर चिखलानं गच्च. दुरुस्तीचा संच मागवला, त्यात पिस्टनची रिंग आणि ड्रायरचे (हवेतली ओल शोषणाऱ्या भागाचे) नवे दाणे येतात. भोसरीच्या दादांनी वेळ दिला, त्यांच्या बाकावर उघडला.

इथं जे दिसलं त्यावर मी दोन दिवस विचार करत होते. ड्रायरमधले दाणे निम्मे पीठ झालेले, आणि ते पीठ ओलसर. ड्रायर या गाडीत नुसती गाळणी नसते. कंप्रेसर बाहेरची हवा घेतो, ती दाण्यांतून जाते, दाणे त्यातली ओल धरून ठेवतात. गाडी खाली घेतली की तीच कोरडी हवा उलटी त्याच दाण्यांतून बाहेर पडते आणि जाताना ओल परत घेऊन जाते. म्हणजे गाडी जितकी नियमानं वरखाली होईल तितके दाणे स्वतःला सुकवत राहतात. आईसाठी रोज खाली दाबलेलं बटण ड्रायरलाही श्वास देत होतं, हे मला माहीत नव्हतं.

पण हवा बेलोच्या भेगांतून गेली तर ती ड्रायरमधून परत येतच नाही. कंप्रेसर मात्र तिच्या जागी रोज नवी हवा ओढत राहतो, आणि जुलै-ऑगस्टमध्ये वेल्ह्याकडची हवा म्हणजे जवळजवळ पाणीच. दाणे ओल घेत राहिले, सोडायची वेळ त्यांना मिळालीच नाही. ते भिजले, फुटले, पीठ झालं. पीठ वाटेत बसलं, कंप्रेसर जास्त वेळ चालला, जास्त तापला, टेफ्लॉनची रिंग झिजली. दुखणं मला गणपतीत दिसलं, पण ते पावसात सुरू झालं होतं. वर्कशॉपच्या कागदावर या साखळीची शेवटची कडी होती, कंप्रेसर. पहिली कडी ओंजळभर वाळू.

दादांनी सिलिंडरमध्ये बोट फिरवून सांगितलं की ओरखडे नाहीत, रिंग बदलून चालेल. मी सवयीनं तेलाचं बोट लावायला गेले, त्यांनी हात धरला. हा कंप्रेसर कोरडाच चालतो. तेल लावलं तर ते दाण्यांवर जाऊन बसतं आणि नवे दाणेही वाया जातात. व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंतचे पाईप कोरड्या हवेनं फुंकून पीठ काढलं. ही पायरी वगळू नका. राहिलेलं पीठ व्हॉल्व्हच्या बसायच्या जागेत अडकलं तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि नवी गळती सुरू होते.

आता नेहमीच्या उंचीवरून वर जायला ३२ सेकंद. कोड पुसला, अजून परत आलेला नाही. खर्च आत्तापर्यंत साडेचार लाखांच्या एक पंचमांशाहूनही कमी.

गेल्या रविवारी गावाला गेलो. आईनं दारावरची मूठ धरली, चढली, पट्टा लावला आणि म्हणाली, 'आवाज बदललाय गं हिचा.' पहिल्या ओढ्याच्या अलीकडे मी बटण वर केलं आणि घड्याळ बघत बसले, तिनं मला पुढं बघायला सांगितलं.

एक प्रश्न राहिलाय. दर पावसाळ्यानंतर ती घड पाण्यानं धुवायची ठरवलंय. नुसतं नळीचं पाणी पुरे का? रबराला चमक आणणारं काही लावायला मिस्त्री सांगत होता, माझं मन घेत नाही.


दापोडीचा फिटर
२८ डिसेंबर

काही लावू नका. चमकवायच्या द्रव्यांत बऱ्याचदा खनिज तेल असतं, रबर फुगतं आणि वर धूळ चिकटते. साधं पाणी, दाब कमी, गाडी उंच करून, घड पूर्ण उघडी असताना. मोठ्या दाबाची वॉशिंग गन लांब ठेवा, ती वाळू आत ढकलते. ओढ्यातून आलात तर त्याच संध्याकाळी धुवा, चिखल वाळू देऊ नका.

आणि डाव्याबद्दल माझं मत तेच आहे. पण तुमची वही आहे, तर बघू.

जुना बेलो टाकला का?


मोजपट्टी
२९ डिसेंबर

नाही काका. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेणार आहे, वायूंचे नियम शिकवताना मुलांच्या हातात द्यायला. त्याआधी तुम्हाला बघायचा असेल तर वारज्याला या, आई घरी असते.


दापोडीचा फिटर
२९ डिसेंबर

रविवारी दहाला येतो. बेलो धुऊ नका, वाळू तशीच राहू द्या.